वल्हेवाल्याचा उजवा हात

दोन दिवस एका माणसाची नोकरी माझ्या जिभेवर अडकून होती. तोंड उघडलं असतं तर माझी नाव भेडाघाटच्या पाण्यातून बाहेर गेली असती. नाही उघडलं तर तो माणूस गेला असता. चूक माझी होती. आज हे मी एका ओळीत लिहून राहिलो, पण तेव्हा ते इतकं सोपं नव्हतं आणि मीही काही सोपा माणूस नव्हतो. अजूनही नाही. घरात कोणालाही विचारा.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. जबलपूर सगळं खाकी झालं होतं. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता आणि जिकडे तिकडे गोरे सोल्जर. आमचा धंदा त्या दिवसांत जोरात होता. शहरातली माणसं रविवारी टांगे करून, लॉरीत कोंबून भेडाघाटला यायची, डबे उघडायची, आणि संगमरवराच्या भिंतींमधून नावेत एक फेरी मारायची. लढाईची बातमी रोज ऐकून माणसाला पाणी पाहावंसं वाटते, असं मला वाटते.

माझे वडील भंडाऱ्याकडचे, वैनगंगेवरचे ढिवर. पुलाच्या कामासाठी इकडे आले, पूल झाला, ते राहिले. मी दुसरीपर्यंत शिकलो, पुढं वल्हं. माझ्या जोडीला वल्ह्यावर एक म्हातारा होता, तिथलाच, केवटांपैकी. सगळा घाट त्याला कक्का म्हणायचा, म्हणून मीही कक्का म्हणायचो. बोलायचा कमी, बिडी जास्त ओढायचा.

ज्यांनी आमची नाव पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वल्हवणारे दोघं नावेच्या पुढच्या टोकाशी बसतात, पण तोंड मागं, सवारीकडे, म्हणजे नावेतल्या गिऱ्हाइकांकडे. जिकडे जायचं तिकडे पाठ. वल्हं छातीकडे ओढलं की नाव पाठीच्या दिशेनं सरकते. म्हणजे साऱ्या उमरभर मी उलटा बसून पुढं गेलो. मधून मधून मान वळवून पाहायचं, पण खरं पाणी पाठीला कळते. भिंतीवरून परत येणारा वल्ह्याचा आवाज सांगतो की भिंत किती हातांवर आहे. आणि समोर बसलेल्या सवारीच्या तोंडावरही पुष्कळ काही लिहिलेलं असते, ते वाचायला शाळा लागत नाही.

घाटावरून नाव प्रवाहाच्या उलट वर जायची. एका बाजूला पांढरी भिंत, दुसऱ्या बाजूच्या भिंतीत काळे पट्टे, तिला आम्ही काळी म्हणायचो. बंदरकूदनीला दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की माकड उडी मारून पलीकडे जाते, असं म्हणतात. मी माकड उडताना पाहिलं नाही, पण तिथं दोन नावा समोरासमोर आल्या तर वल्हं आत ओढून घ्यावं लागायचं हे पाहिलं आहे. आमची रीत जुनी होती. वर जाताना पांढऱ्या भिंतीला धरून जायचं, कारण तिथं पाणी मऊ. खाली येताना काळ्या भिंतीकडून, धारेबरोबर. डावं-उजवं कोणी म्हणत नव्हतं. पांढरी आणि काळी, बस.

आणि दुसरी रीत म्हणजे गप्प राहायची. बंदरकूदनीच्या वर, दोन्ही अंगांना, आग्या मोहोळं लटकलेली असायची, सुपाएवढी. त्यांच्या खालून जाताना गाणं नाही, हाळी नाही, बिडी नाही. कक्कासुद्धा बिडी विझवून कानावर ठेवायचा. त्या माश्यांनी माणसं मारल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या होत्या.

या पाण्यात त्या हिवाळ्यात एका मेजरसाहेबानं मोटरबोट आणली. घाटावर तिला फटफटी म्हणायला लागले. दवाखान्यातून उठलेल्या सोल्जरांना हवा खायला म्हणून ती दर रविवारी चालायची. बाकीच्या दिवशी पेट्रोल मिळत नव्हतं. ती चालवणारा कटनीकडचा एक मिस्त्री होता, खमरियातला, माझ्याच वयाचा. साहेबानं त्याला कारखान्यातून मागून घेतलं होतं. हुशार माणूस. इंजिन नुसतं ऐकून कुठं दुखते ते सांगायचा. आम्हाला तो आवडत नव्हता.

काहून आवडावा? फटफटी गेली की तिच्या मागं लाटा उठायच्या. उघड्या नदीत लाट किनाऱ्याला जाऊन मरते. तिथं ती पांढऱ्या भिंतीवर आपटून परत यायची, काळीवर आपटून परत यायची, आणि मधल्या नावा ताकातल्या लोण्यासारख्या हिंदकळायच्या. बायका ओरडायच्या. एकदा एका शेटजीची पगडी वाहून गेली, ती आम्ही हसून हसून काढली, पण काढताना आम्हालाही कळलं की पुढल्या वेळी पगडीच जाईल असं नाही.

मी मुनीमाकडे गेलो. घाटाचा ठेका ज्याच्याकडे होता त्याचा हा माणूस. कोणाची नाव चालायची, कोणाची नाही, हे तो ठरवायचा. नाव चालवायची परवानगी म्हणजे पितळेचा एक बिल्ला, तो नावेच्या नाकावर ठोकलेला असायचा. मुनीम मला म्हणाला, साहेबाशी कोण बोलेल? मी म्हटलं, मी बोलतो. घाटावर दहा-बारा नाववाले होते, त्यांच्यात दुसरीपर्यंत शिकलेला मी एकटा. ती दुसरी मी फार वर्षं मिरवली.

शनिवारी साहेब आला. भला माणूस होता, ऐकून घेतलं. तो इंग्रजीत बोलायचा, मुनीम हिंदीत सांगायचा. साहेब आधी म्हणाला, वळणावर मोटरबोट भोंगा वाजवील, तुम्ही बाजूला व्हा. मी सरळ नाही म्हटलं. मोहोळांखाली भोंगा वाजला तर बाजूला व्हायला कोणी उरणार नाही, असं सांगितलं. मुनीम ते हिंदीचं इंग्रजी करताना घाबरला, पण साहेबानं मान हलवली. माझी छाती त्या दिवशी किती फुगली ते मी लिहीत नाही. मग साहेब पुन्हा काही बोलला आणि मुनीमनं सांगितलं, "साब कहते हैं, भोंगा नहीं बजेगा. हर नाव अपने दाहिने चलेगी. मोटर भी, चप्पूवाले भी. समझे?"

मी म्हटलं समजलो.

कक्का माझ्यामागं उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "कौन के दाहिने?"

मी त्याला म्हटलं, दाहिना मतलब दाहिना, कक्का. उजवा हात माहीत नाही का तुला, जेवतो कोणत्या हातानं? दोन-चार जण हसले. त्या घाटावर त्या दिवशी एकाच माणसानं बरोबर प्रश्न विचारला आणि त्याला मी हसण्यावारी नेलं. साहेबाला परत विचारायला मला लाज वाटली. आत्ताच त्यानं माझं एक ऐकलं होतं. मग लगेच मी अडाण्यासारखं, कोणाचा उजवा, असं कसं विचारणार?

संध्याकाळी मी सगळ्या नाववाल्यांना नियम सांगितला. वल्ह्यावर बसलं की आपल्या उजव्या हाताच्या भिंतीला नाव ठेवायची. म्हणजे आता वर जाताना काळी भिंत, खाली येताना पांढरी. सगळं उलट होत होतं. कक्का म्हणाला, "जैसे चलत आए, वैसई चलो ना." मी म्हटलं, हुकूम आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी दोन-तीन नावा नव्या नियमानं वर जाऊन आल्या. त्या आपसात नीट भेटल्या, कारण सगळ्यांनी माझंच ऐकलं होतं. म्हणून कोणालाच काही खटकलं नाही. फटफटी तेव्हा सुरू झाली नव्हती. ती सोल्जरांना घेऊन वर निघाली ती आमच्या थोडी आधी.

माझ्या नावेत त्या दिवशी मोठी सवारी होती. दीक्षितपुऱ्यातल्या एका मास्तरांच्या घरची माणसं. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता आणि सासूबाईंच्या मनात होतं की नावेतलं डोहाळजेवण करावं. आपल्याकडे असते ना, चांदण्यातलं, बागेतलं, तसं नावेतलं. पुरुषमाणसं घाटावर चूल मांडून बसली. नावेत सासूबाई, ती सून आणि तिच्या दोन नणंदा. सुनेला हिरवं लुगडं, कळ्यांची वेणी, दंडाला फुलांचे बाजूबंद. मधल्या फळीवर पाच पक्वान्नांचं ताट.

नाव निवडायला सासूबाई स्वतः उतरल्या होत्या. मी कक्काला काही सांगून राहिलो होतो ते त्यांनी ऐकलं.

"तुम्ही आपल्याकडचे का हो भाऊ?"

मी म्हटलं, भंडाऱ्याकडचे.

"मग चला. पोरीला मी तुमच्याच नावेत बसवते."

बाकीचे नाववाले पाहत होते. मी फळी दोनदा पुसली.

नाव निघाली. नणंदा गाणं म्हणू लागल्या. थोडं वर गेल्यावर सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. त्या आधी एक-दोनदा येऊन गेल्या होत्या.

"काहून हो भाऊ, मागच्या खेपेला पांढऱ्या भिंतीकडून नेलं होतं. आज हे काळ्याकडून?"

मी म्हटलं, आता नवीन हुकूम आहे बाई, मोटरबोटीसाठी. साहेबाशी माझंच बोलणं झालं. त्या बरं म्हणाल्या आणि ताटावरचा रुमाल सारखा केला.

बंदरकूदनी आली तसं मी बोट ओठावर ठेवलं. गाणं थांबलं. कक्कानं बिडी विझवली. फक्त वल्ह्यांचं पाणी. आणि मग कुठूनतरी इंजिनाचा आवाज.

तिथं आवाजाचा भरवसा नसतो. दोन्ही भिंती तो एकमेकींकडे फेकतात. वरून येतो का खालून, कळत नाही. मी मान वळवून पाहिलं, वळणामागं काही दिसलं नाही. मला काळजी वाटली नाही, कारण मी माझ्या उजव्या हाताला होतो. नियमात होतो. कक्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे पाहिलं.

मी समोर पाहिलं तेव्हा सासूबाईंचं तोंड बदललं होतं. त्या ओरडल्या नाहीत, कारण मी गप्प राहा सांगितलं होतं. त्यांनी फक्त सुनेच्या पोटावर हात आडवा धरला. माझ्या पाठीमागं काय आलं आहे ते मला त्या हातावरून कळलं.

मान वळवली तर फटफटी वळण घेऊन सरळ आमच्यावर. तीही काळ्या भिंतीला चिकटून. ड्रायव्हरचे डोळे मला दिसले इतकी जवळ. तो नियमानं त्याच्या उजवीकडे आणखी वळला, म्हणजे भिंतीकडे. मीही नियमानं माझ्या वल्ह्यावर जोर देऊन भिंतीकडेच गेलो. आम्ही दोघं नियम पाळून एकाच जागी येत होतो.

वाचवलं ते कक्कानं. त्यानं आपलं वल्हं उपसून भाल्यासारखं भिंतीत रोवलं आणि अंगानं रेटलं. नाव गर्रकन आडवी झाली. फटफटी आमच्या अंगाला घासून गेली. माझं वल्हं मोडलं आणि मोडताना मनगट पिळून गेलं. मग लाट आली, भिंतीवरून दुसरी आली. नावेत गुडघ्याएवढं पाणी. ताट गेलं. सून फळीवरून खाली पाण्यात बसली, नणंदेनं तिचा दंड धरला होता, फुलांचा बाजूबंद तिच्या मुठीत राहिला. तिकडे फटफटी भिंतीवर जाऊन थडकली, लाकूड फुटल्याचा आवाज आला.

आणि वर गुणगुण सुरू झाली.

तो आवाज ज्यानं ऐकला त्याला सांगावं लागत नाही. सासूबाईंनी आपली शाल सुनेच्या डोक्यावरून ओढली आणि तिच्यावर ओणव्या झाल्या. कोणी हललं नाही. नाव अर्धी भरलेली, पाणी उपसायला पाहिजे, पण उपसलं तर आवाज होणार, हात हलणार. घासलेल्या फळीतून पाणी थोडं थोडं चढत होतं. मला माझ्या मनगटाचं दुखणं कळत नव्हतं. माझ्या कानामागं दोन डंख बसले, कक्काच्या टकलावर तीन. त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

तेव्हा ड्रायव्हरनं केलं ते मी विसरत नाही. त्यानं आधीच इंजिन बंद केलं होतं. आता तो कपड्यांसकट हळूच पाण्यात उतरला, डुबकन आवाज न करता, आणि पोहत आमच्या नावेशी आला. एका हातानं नावेची कड धरली आणि पायांनी पाण्याखालून रेटत तिला त्या मोहोळांखालून बाहेर काढलं. त्याच्या गालावर माशी बसली होती, ती त्यानं उडवली नाही. उघड्या पाण्यात आल्यावर सासूबाईंनी त्याला पहिला शब्द म्हटला, "देवा." तो म्हणाला, "माताजी, हिलो मत, किनारा आ गया."

सून धडधाकट होती. घाटावर एका म्हाताऱ्या बाईनं पोटाला हात लावून पाहिलं आणि हसली, तेव्हा मास्तरांच्या घरची माणसं रडायला लागली. मी एका बाजूला बसून होतो. माझ्याशी कोणी बोलायला आलं नाही, तेच बरं झालं.

मग चौकशी. फटफटीचा पुढचा भाग फुटला होता, तिला आणि तिच्यातल्या सोल्जरांना मागून दुसऱ्या नावांनी ओढून आणलं होतं. मुनीमनं तिथंच नाववाल्यांना विचारलं, कोण चुकीच्या बाजूला होतं? सगळ्यांनी सांगितलं, आम्ही सकाळपासून उजव्या हातानं चाललो होतो, यांचीही नाव उजव्या हातालाच होती. एकही जण खोटं बोलत नव्हता. ड्रायव्हर एकटा सांगत होता की मी दाहिने होतो, मी दाहिनेच होतो. सोल्जरांना काही माहीत नव्हतं. मुनीमनं फटफटीची चावी काढून घेतली आणि साहेबाला निरोप पाठवला. मंगळवारी साहेब येऊन निकाल देणार होता. सगळे म्हणत होते, फौजेचं सामान फोडलं, कारखान्यातूनही काढतील त्याला. लढाईच्या दिवसांत कारखान्यातून नाव कापलं गेलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? घरी त्याला दोन लेकरं होती.

जाता जाता तो माझ्याजवळ आला. ओल्या कपड्यांत कुडकुडत होता.

"भैया, तू ही बता दे. मैं किस हाथ था?"

मी म्हटलं, मी माझ्या उजव्या हाताला होतो. ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते खोट्यापेक्षा वाईट होतं, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की चूक त्याची आहे.

कळलं सोमवारी. मनगट सुजलं होतं, वल्हं धरवत नव्हतं. नाव दुरुस्तीला पलीकडच्या काठावर न्यायची होती. कक्का दुसऱ्या एकाला घेऊन वल्ह्यावर बसला आणि मी सवारीच्या जागी. किती वर्षांनी मी त्या नावेत पुढं तोंड करून बसलो होतो, आठवत नाही. नाव धारेच्या उलट वर वळली तसं मी सहज हात लांब केला, उजवा, चांगला असलेला. तो पांढऱ्या भिंतीकडे गेला.

मी पुन्हा पाहिलं. कक्का माझ्या समोर, तोंड माझ्याकडे. त्याचा उजवा हात काळ्या भिंतीकडे. माझा पांढऱ्याकडे. एकाच नावेत.

साहेबाचा उजवा, म्हणजे नावेच्या नाकाकडे पाहून उजवा. ड्रायव्हर पुढं तोंड करून बसतो, त्याला दुसरा उजवा माहीतच नाही. आणि वर जाताना नावेच्या नाकाचा उजवा म्हणजे पांढरी भिंत, खाली येताना काळी. म्हणजे आमची जुनी रीत. साहेबानं नवं काही सांगितलंच नव्हतं. जसं चालत आलं तसं चाललो असतो तर काही झालं नसतं. मी एकट्यानं साऱ्या घाटाची नदी उलटी केली होती.

कक्कानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आधीच कळलं होतं का, मी कधी विचारलं नाही. काठाला लागल्यावर मी त्याला सांगितलं. त्यानं बिडी पेटवली आणि म्हणाला, "बोल के का होहै? तोरी नाव जैहै." माझी नाव गेली की त्याचंही काम जाणार होतं, ते तो बोलला नाही. त्याच्या घरी चूल त्याच वल्ह्यावर पेटायची.

त्या दिवशी मी घाटावर फिरलो. तीन-चार नाववाल्यांनी मला शाबासकी दिली, फटफटीवाल्याची खोड मोडली म्हणून. एकानं चहा पाजला. मी तो प्यालो. घरी बायको हळद लावून मनगट बांधत होती, तेव्हा तिलाही सांगितलं नाही. तिनं विचारलं, एवढं काय लागलं की तुम्ही बोलत नाही? मी म्हटलं, सूज आहे. माझ्या मनात हिशेब चालला होता आणि तो दर वेळी तिथंच येऊन अडायचा. बिल्ला गेला तर आम्ही दोन घरं. चावी गेली तर त्याचं एक. म्हणजे गप्प राहावं. मग त्याच्या गालावरची माशी आठवायची.

मंगळवारी दुपारी साहेब आला. पायऱ्यांवर खुर्ची टाकली होती. ड्रायव्हर टोपी हातात धरून उभा होता. त्याचा गाल अजून सुजलेला. मुनीमनं नाववाल्यांचं सगळं सांगितलं. साहेबानं ड्रायव्हरला विचारलं, तो तेच बोलला. साहेब म्हणाला, दोघं उजवीकडे असतील तर धडक होऊच शकत नाही, कोणीतरी खोटं बोलून राहिलं. आणि त्यानं ड्रायव्हरला काढायचा कागद पुढं ओढला.

मी म्हटलं, "साब, जरा नाव में चलिए."

मुनीम माझ्या अंगावर धावला. मी हललो नाही. माझा हट्ट जन्मात पुष्कळ वेळा नको तिथं कामाला आला, त्या दिवशी एकदा पाहिजे तिथं आला. साहेब उठला. मी त्याला, सकाळीच दुरुस्तीहून परत आणून काठाला बांधलेल्या माझ्या नावेत उतरवलं आणि वल्ह्याच्या जागी बसवलं, तोंड सवारीकडे. वल्हं हातात दिलं. मी समोर सवारीच्या जागी बसलो आणि माझा उजवा हात वर केला. मग त्याला म्हटलं, आपका दाहिना, साब.

त्यानं उजवा हात वर केला. माझा हात एका काठाकडे, त्याचा दुसऱ्याकडे. तो आधी हसला. मग त्यानं मान वळवून नावेच्या नाकाकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं, आणि हसणं गेलं. त्याचा हात बराच वेळ वरच होता.

त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "तुमने पूछा क्यों नहीं?"

मी म्हटलं, "मुझे लगा मुझे आता है, साब."

हे वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. घाटावर सगळे ऐकत होते. चहा पाजणारासुद्धा.

साहेबानं कागद फाडला. ड्रायव्हरला चावी परत दिली. मुनीमनं तिथल्या तिथं पाचरीनं माझ्या नावेचा बिल्ला उपटला. होळीपर्यंत नाव पाण्यात घालायची नाही. कक्काला मी दुसऱ्या एका नावेवर लावून दिलं, त्या नाववाल्याच्या हातापाया पडून. हातापाया पडलो हे लिहायला मला आजही जड जाते. मी होळीपर्यंत बरगीकडे मासे धरायला गेलो.

ड्रायव्हर चावी घेऊन माझ्याजवळून गेला. मला वाटलं काही बरं बोलेल. तो थांबला आणि हळूच म्हणाला, "भैया, दो दिन काहे लगे?"

सोमवारी कळलं होतं, म्हणजे खरं तर एकच दिवस लागला, असं मी त्याला सांगू शकलो असतो. पण त्याचे दोनच झाले होते.

नियम मग भिंतींचा झाला. वर जाताना पांढरी, खाली येताना काळी, मोटर असो की वल्हं. हात कोणाचा, तोंड कुठं, हा वादच नाही. आणि बंदरकूदनीत फटफटीनं इंजिन बंद करायचं आणि बांबूनं रेटत जायचं. हे मुनीमनं पाटीवर लिहून लावलं. पाटी वाचता येणारे घाटावर फार नव्हते, पण भिंती सगळ्यांना दिसत होत्या.

होळीनंतर बिल्ला परत मिळाला आणि मी पुन्हा वल्ह्यावर बसलो. पहिल्या रविवारी नावेत जबलपूरचा एक कापडवाला आणि त्याची बायको होती. पांढऱ्या भिंतीला धरून वर गेलो. बंदरकूदनीच्या आत शिरलो तसा वरून इंजिनाचा आवाज आला. मी कापडवाल्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो मजेत भिंती पाहत होता. आणि मग आवाज बंद झाला. एकदम. फक्त पाणी.

फटफटी काळ्या भिंतीकडून आली. ड्रायव्हर उभा राहून बांबू भिंतीला लावत होता, शांतपणे, एकेक हात. सोल्जर गप्प बसले होते. मी माझं वल्हं पाण्यातून उचलून आडवं धरलं, त्याला जागा व्हावी म्हणून. तेवढी जागा लागत नव्हती. तो माझ्या अगदी जवळून गेला, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचं सगळं लक्ष बांबूच्या टोकावर होतं. फटफटी पूर्ण मागं जाऊन सवारीच्या पाठीमागं मला दिसायला लागली, तेव्हा मी वल्हं पाण्यात घातलं.